ओल्या बाभळीचं विलायती घर

मुक्काम शेलूबाजार,
श्रावण वद्य पंचमी

मेव्हणेसाहेब जगदेवराव यांना गुलाबरावाचा थेट मालेगावपर्यंत ऐकू जाईल असा रामराम. सासरेबुवांचा दमा, तुमच्या म्हशीचा ताप आणि तुमच्या बहिणीचा राग, तिन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम. क्षेम कसलं, डंका वाजतो आहे!

गेल्या पावसाळ्यात आमची कुडाची भिंत लोणच्याच्या बरणीवर बसली आणि तुमची बहीण प्रयाग "कुडाच्या घरात मी आता पाय नाई ठेवत" म्हणून तुमच्याकडे निघून आली, हे तुम्ही विसरला नसाल. (मी न्यायला आलो तेव्हा तुम्ही ओसरीवर बसून हसत होता, तेही मी विसरलेलो नाही.) तिच्यावाचून घर खायला उठतं, हे सांगायची मला लाज नाही. म्हणून ठरवलं, बांधायचं तर असं बांधायचं की ती धावत आली पाहिजे. वाशीमच्या बाजारात घेतलेल्या बिस्किटांच्या डब्यावर विलायतेतल्या एका शेतकऱ्याच्या घराचं चित्र होतं. काळ्या लाकडांचा सांगाडा, मधे पांढऱ्याशुभ्र भिंती, आणि वरचा मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे आलेला. (बिस्किटं मी संपवली, नमुना हलका असलेला बरा.)

धनसिंग सुताराने डबा सरळ धरला, उलटा धरला आणि म्हणाला, "खाली लहान अन् वर मोठं? घर उभं करून राह्यले का पाडून राह्यले तुमी?" बाभूळ तोडून वाळवायची असते, हेही त्याने बजावलं. पण मला पोळ्याच्या आत प्रयाग हवी होती. ओलीच बाभूळ तासून, लाकडी खुंट्या ठोकून सांगाडा उभा केला, आणि उन्हं लागताच अख्खं घर आळस दिल्यासारखं वाकलं. एकही चौकट चौकोनी राहिली नाही. वीट बसेना, बसली तर राहीना. शेवटी मधे काय भरलं ते आता विचारू नका. वरून चुना मारला आणि लाकडांना बैलबंडीचं वंगण फासलं. माणसं लांबून बघायला येत आणि हसून जात. मी मनातून पार खचलो होतो.

चार दिवसांमागे दौऱ्यावरचा एक गोरा साहेब मोटार थांबवून खाली उतरला. मला वाटलं, आता घर पाडायचा हुकूम. तर त्याने टोपी काढली! त्याचा पट्टेवाला सेवालाल सांगू लागला, "साहेब म्हणते, त्यायच्या आज्याचं घर बिलकुल असंच होतं. तिकडंबी ओलंच लाकूड लावते, म्हणून घर असंच वाकते." जगदेवराव, वाकलं ते बरोबर वाकलं! चित्रातही लाकडं वाकडीच होती; आम्हाला वाटलं, डबा चेपला आहे. साहेबाने भिंत ठोकून आत काय आहे ते विचारलं, आणि ऐकून माझा हातच हातात घेतला. धनसिंग आता गावभर सांगत फिरतो, की लाकूड त्याने मुद्दाम ओलं निवडलं.

तेव्हा प्रयागला पोळ्याच्या आत पाठवून द्या. आणि स्वतः येऊन एकदा हसून दाखवाच.

विलायती उंबऱ्यात बसलेला,
तुमचा गुलाबराव

ता. क. : भिंतींत तुराट्यांचा कूड आहे, वरून शेणमाती. साहेबाच्या आज्याच्या भिंतींतही तेच होतं म्हणे. पण प्रयागला यातलं अक्षर सांगू नका.

आणखी ता. क. : पत्र पेटीत पडायच्या आत प्रयागच दारात! साहेबाची गोष्ट मालेगावच्या बाजारात ऐकली आणि तुम्ही शेतात असताना आमच्या शेजारच्या हिरीबाईच्या बंडीत बसून निघाली म्हणे. तिने पांढऱ्या भिंतीत बोट खुपसलं, एक तुराटी बाहेर ओढली आणि म्हणाली, "हे तं कूडच हाये!" मी म्हटलं, विलायती आहे. ती इतकी हसली की माझेच डोळे भरून आले. मग पदर खोचून तिने शेणमातीचं घमेलं मागितलं आणि सारवायलाच बसली. आता तिचा हात पोचतो तिथपर्यंत वऱ्हाड आहे आणि त्याच्या वर विलायत. तुमच्याकडची लांब शिडी आणायला ती माणूस धाडते आहे, हे पत्र त्याच्याच हाती देतो. तुमच्या पाया पडतो, देऊ नका.