वाजवून पाठवलेले कप

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा कान तुटले म्हणे. सहांपैकी दोन कपांचे. फोटो पाठवलाय – कप एकीकडे, कान दुसरीकडे, खाली इस्त्री केलेला टेबलक्लॉथ. त्याखाली एकच ओळ: "असे कप मी मागवले नव्हते." बाई निवृत्त शिक्षिका आहेत. ऑर्डर देतानाच त्यांनी ते कळवलं होतं. का कळवलं होतं ते आज कळलं.

मी लगेच उत्तर ठोकलं. कप इथून धड निघाले. प्रत्येक कप मी हाताने घडवते, दोनदा भाजते आणि खोक्यात घालण्याआधी नखाने टिचकी मारून वाजवते. टण्ण वाजला तर जातो. बद्द वाजला तर आत कुठेतरी तडा आहे, तो मी मागे दगडावर आपटून फोडते. वीस वर्षं हेच चाललंय. तेव्हा चौकशी करायचीच असेल तर कुरियरवाल्यांकडे करा.

वहिनीने वाचलं. म्हणाली, "जरा गोड लिहायचं होतंस."

गोड कशाला? चूक नाही तर गोड कशाला?

५ फेब्रुवारी, बुधवार

वेबसाइटवाल्यांचं पत्र. "माल फुटका मिळाला" अशा तीन तक्रारी झाल्या. आणखी एक नोंदवली गेली तर आमच्या दुकानाचं पान कायमचं बंद.

कायमचं! जणू मी चोरीचा माल विकते.

वहिनीने पत्र दोनदा वाचलं. दादा गेल्यापासून आम्ही दोघी याच दुकानावर उभ्या आहोत. कप माझे, पॅकिंग तिचं. दुसरं काही येत नाही आम्हाला आणि या वयात शिकायचंही नाही. पान बंद झालं तर कप काय डोक्यावर घेऊन दारोदार फिरू?

नाही होऊ देणार बंद. बघतेच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

एका गिऱ्हाइकाचा फोन. दहा मिनिटं तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. हल्ली कुणाला स्पष्ट बोलताच येत नाही. शेवटी म्हटलं, जे काय आहे ते लिहून पाठवा. आजपासून नियमच केला – फोन घ्यायचा नाही. दारावर पाटीही लावली.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज प्रयोग केला. वहिनीने चार कपांचं खोकं नेहमीसारखं भरलं. तळाला भुसा, प्रत्येक कपाला कागद, कानाच्या पोकळीत कागदाचा बोळा, वर फुगेवाला कागद. मी ते उचललं आणि जिन्यावरून खाली सोडून दिलं.

वहिनी किंचाळलीच. मग खोकं अकरा पायऱ्या गडगडत दारापाशी जाऊन पडलं. शेजारीण बाहेर येऊन बघून गेली. तिला वाटलं आमच्यात जुंपली.

उघडलं तर चारही कप जसेच्या तसे! वहिनीचा चेहरा असा उजळला की मी तिला चहा करून दिला. त्यातल्याच एका कपात. म्हटलं, तुझ्या पॅकिंगला तोड नाही. मग राहिलं कोण? कुरियरवालाच ना? मंगळवारी जाते आणि त्याची हजामत करून येते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गेले. काउंटरवर एक गृहस्थ. वयाने माझ्याएवढेच असतील, तरी मला म्हणतात, "मावशी, खोक्यावर 'नाजूक' लिहिलं होतं का?"

"सहाही बाजूंनी लिहिलं होतं. वाचता येतं ना तुमच्या लोकांना?"

"मावशी, जरा हळू बोला. सगळे बघतायत."

बघू देत की! बघायलाच हवं. मी तिथून हलले नाही. शेवटी त्यांनी मला मागच्या खोलीत नेऊन खोकी कशी ठेवतात ते दाखवलं. एक माणूस खोकी हातात घेऊन, वाकून, फळीवर ठेवत होता. फेकाफेक कुठे दिसली नाही. अर्थात, मी उभी असताना कशाला फेकतील?

वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "पण खरंच फेकत नसतील तर?"

हिचं आपलं काहीतरीच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भट्टीची शिट्टी बिघडली. भाजणी पूर्ण झाली की ती बारीक आवाजात पाच मिनिटं वाजते, मग मी जाऊन बघते. आज वाजलीच नाही. मी आपली माती मळत बसले होते. वहिनी धावत आली. "अगं, कधीची वाजतेय!"

म्हटलं, वाजत असती तर मला ऐकू नसती आली? मी दहा पावलांवर बसलेय. ती म्हणे रेडिओ एवढा मोठा लावल्यावर काय ऐकू येणार. रेडिओ! तिचं आणि रेडिओचं जुनं वैर आहे.

दुरुस्तीवाल्याला निरोप धाडला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शिक्षिकाबाईंना दोन नवे कप पाठवले. उपकार म्हणून. सोबत चिठ्ठीत तसं लिहिलंही होतं, वहिनीने ती बदलून "क्षमस्व" लिहिलं. मला न विचारता. खोकं बंद झाल्यावर सांगितलं, वर हसत होती.

कप मी स्वतः वाजवले. आता बघू काय म्हणतात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुरुस्तीवाला आला. शिट्टीचं बटण दाबलं, माझ्याकडे बघितलं. पुन्हा दाबलं. म्हणाला, "चांगली वाजतेय की ताई."

म्हटलं, काय चांगली? आवाज मेलाय तिचा. नवीन बसवा.

तो वहिनीकडे बघायला लागला. वहिनी जमिनीकडे. एकाला काम करायचं नाही आणि दुसरीला खर्च करायचा नाही, म्हणून दोघांनी संगनमत केलं! गेला तो काही न करता. शिट्टी तशीच आहे. घड्याळ लावून बसते झालं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नव्या दोन कपांतला एक पुन्हा तुटलाय.

शिक्षिकाबाईंनी यावेळी फोटो पाठवला नाही. नुसतं लिहिलंय: "तुकडे पाठवते आहे. आधी नीट पाहा, मग बोलू. तोवर वेबसाइटवर काही नोंदवणार नाही. ३ मार्चपर्यंत थांबते."

मुदत देतायत मला. जणू मी पाचवीत आहे आणि गृहपाठ राहिलाय.

जेवण गेलं नाही. वहिनीलाही नाही. ताटं तशीच झाकून ठेवली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तुकडे आले. शिक्षिकाबाईंचं पॅकिंग वहिनीनेसुद्धा वाकून वाकून बघितलं. एकेक तुकडा मऊ फडक्यात, वर क्रमांक. सोबत पत्र, वळणदार अक्षरात:

"मी शाळेत विज्ञान शिकवत असे, म्हणून भिंग काढून पाहिलं. वाटेत कप तुटला असता तर तुटलेली कड सगळीकडे कोरी, खडबडीत असती. तुमच्या कपाची अर्धी कड गुळगुळीत आहे. तिथे ग्लेझचा चकचकीत लेप शिरलेला आहे. म्हणजे भेग ग्लेझ लावण्याच्या आधीची, तुमच्या घरातली. माझं चुकत असेल तर सांगा, शिकेन."

मी तुकडा उन्हात धरला. दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला. कडेवरून बोट फिरवलं.

बाईंचं चुकत नाही.

पहिल्या भाजणीतच कानाच्या मुळाशी तडा गेला होता, त्यात ग्लेझ ओघळलं, वरून सगळं छान दिसलं. असा कप वाजवला तर बद्द बोलतो. म्हणजे बोलायलाच हवा. तो माझ्या हातून सुटणं शक्य नाही. मी पहिल्या भाजणीनंतर वाजवते, दुसरीनंतर वाजवते, देताना वाजवते. तीनदा! मग तो गेला कसा?

एकच वाट आहे. दगडावर फोडायला न्यायच्या बाद कपांची टोपली आणि चांगल्यांची फळी शेजारी शेजारी असते. कुणीतरी टोपलीतला उचलला.

आणि त्या खोलीत आम्ही दोघीच असतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बोलले मी. नको होतं बोलायला, पण बोलले. म्हटलं, टोपलीतले कप भरलेस तू. घाई करतेस, लक्ष नसतं.

वहिनी रडली नाही. हातातली चिकटपट्टी खाली ठेवली आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही फळीवर ठेवता तेवढेच कप मी भरते. टोपलीला मी हातसुद्धा लावत नाही."

रागावली की मला वन्सं म्हणते आणि अहो-जाहो करते. एरवी नावाने हाक मारते. गेल्या सहा वर्षांत तिसऱ्यांदा वन्सं झाले मी.

म्हटलं, मग उद्यापासून पॅकिंगही मीच करते.

"करा," म्हणाली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

वन्सं, चहा ठेवलाय. वन्सं, आंघोळीचं पाणी तापलंय. दिवसभर एवढंच.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पॅकिंग करायला काय अक्कल लागते, असं मला वाटायचं. लागते. एक खोकं भरायला तासभर गेला आणि चिकटपट्टीत माझेच केस अडकले. वहिनी दारातून बघत होती. हसू आलं असणार, पण दाबलं तिने. मीही वर बघितलं नाही.

शिक्षिकाबाईंसाठी नवीन सहा कप काढले. पूर्ण संच पाठवणार आहे, फुकट. त्यांनी एवढं भिंग लावून बघितलं तर माझ्याकडूनही चोख जायला हवं. कान ओढून बघितले, उन्हात धरून बघितले. उद्या वाजवून भरायचे. टोपली उचलून पार मागच्या दाराबाहेर ठेवलीय. आता कुणाला दोष द्यायचा ते बघू.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सहा कप ओळीने मांडले. एकेक वाजवला. टण्ण, टण्ण, टण्ण. सहाही. खरं तर आता मला कान देऊन ऐकावंही लागत नाही, नखालाच कळतं. वीस वर्षांचं नख आहे ते.

वहिनी पाणी घेऊन आली होती. दारातच थांबली. मग आत येऊन डावीकडच्या कपाकडे बोट दाखवून म्हणाली, "हा परत वाजव."

वन्सं नाही म्हणाली. वाजव म्हणाली.

मी वाजवला. छान वाजला.

"बद्द आहे हा," म्हणाली.

"काहीतरीच काय!"

तिने स्वतः टिचकी मारली. मग शेजारच्या कपाला मारली. मग पुन्हा याला. "हा वेगळा आहे गं. ऐकू येत नाहीये का तुला?"

मला इतका राग आला. सहा वर्षं भुसा भरणारी बाई मला सांगते कुठला कप बद्द आहे! म्हटलं, मंगळवारचा सूड उगवतेस का? म्हटलं, वाजवणं म्हणजे चिकटपट्टी लावणं नव्हे. ती उभीच राहिली, माझ्याकडे बघत. दुरुस्तीवाल्याच्या वेळी जमिनीकडे बघत होती तशी नाही. सरळ माझ्याकडे.

मग मीच म्हटलं, ठीक आहे. दोन्ही कप काठोकाठ पाण्याने भरते आणि कागदावर ठेवते. तडा असेल तर उद्यापर्यंत खाली ओल उतरेल. पाणी कुणाची बाजू घेत नाही.

भरले. ठेवले. डावीकडे तिचा, उजवीकडे माझा. कागद कोरडाच राहणार आहे. उद्या तिच्या हातात देते तो कागद. सांभाळून ठेव म्हणते.

१ मार्च, शनिवार

डावीकडच्या कपाखाली बशीएवढी ओल.

रेडिओ बंद केला. खिडकी लावली. दोन्ही कप रिकामे करून पुसले आणि एकामागून एक वाजवले. मग डोळे मिटून वाजवले. दोन्ही सारखेच. नखाला कळतंय ते फक्त टिचकी मारल्याचं, बाकी काही नाही. टण्ण मी स्वतःच म्हणत होते, मनातल्या मनात. कधीपासून कोण जाणे.

भट्टीची शिट्टी बिघडली नव्हती.

बद्द कप मागे दगडावर नेऊन फोडला. शिक्षिकाबाईंना लिहिलं: तुमचं चुकलं नाही, माझं चुकलं. मग वहिनीला म्हटलं, आजपासून कप तू वाजवायचेस, खोकी मी भरते. ती "बरं" म्हणाली असावी. मी तिच्या ओठांकडे बघत होते.