वाट नसलेला देश

२ मे, विश्रामबाग

संपादक शि. सरांनी प्रकरण परत पाठवलं. स्पर्धा परीक्षेचं गाईड, ‘जगातले नवे देश’. माझ्या वाट्याला दक्षिण सुदान (इथून पुढं द.सु.). लाल पेनानं वर लिहिलंय: भूगोल, लोक, शासन. तीन मथळे, प्रत्येकी दहा ओळी. ललित नको.

पहिलंच वाक्य खोडलंय. मी लिहिलं होतं की हा देश पंगतीत मधोमध अडकलेल्या माणसासारखा आहे, उठायचं तर सहा जणांना उठवायला लागतं. सहा शेजारी, समुद्र नाही. सरांनी बाजूला लिहिलं, ‘भूवेष्टित. एका शब्दात.’

शब्द बरोबर आहे. पण तो वाचताना जीव गुदमरत नाही.

४ मे

आईचा फोन. तात्यानं वाटेवर तार ओढली.

तात्या म्हणजे आबांचा, माझ्या वडलांचा, धाकटा भाऊ. पाडव्याला दोघांची वाटणी झाली. रस्त्याकडचं द्राक्षाचं रान तात्याला. ओढ्याकडचं, विहिरीसकट, आबांना. आमचं घर आणि मेंढरं पण ओढ्याकडंच. रस्त्यावर यायचं तर तात्याच्या बागेतून. वाटणीच्या कागदात वाटेचं कुणी लिहिलंच नाही. वाट होतीच की, लिहायची कशाला.

आता आबा ओढ्याच्या पात्रातून मेंढरं काढतात. ओढा कोरडा आहे तोवर. पाणी आलं की तेही बंद.

भूवेष्टित. एका शब्दात.

७ मे, फलटण

मामाकडं. आईचा भाऊ, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर. शांतिसेनेतून द.सु.ला होता. माहिती पाहिजे म्हटलं तर आधी जेवायला वाढलं.

पोस्टिंग मलाकाल नावाच्या गावाला. तेव्हा त्यानं फोनवर सांगितलं, मलाकालला बदली झाली. आईनं ऐकलं महांकाळ. म्हणजे आमचं तालुक्याचं गाव. तिनं पुरण शिजवलं आणि आबांना मोटरसायकलवर कवठे महांकाळच्या स्टँडला पाठवलं. आबा तीन एष्ट्या रिकाम्या होईस्तोवर बघून परत आले. मामा तोवर नाईलच्या काठाला. अजून सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, हसून की कशानं कळत नाही.

भूगोल विचारला. सपाट म्हणाला, लय सपाट, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा.

लोक विचारले. “आपल्यावानी.” गुरांमागनं हिंडणारी. बैलाच्या रंगावरनं माणसाचं नाव ठेवतात. एक म्हातारा रोज गेटवर येऊन विचारायचा, तुझी गुरं किती? मामानं सांगितलं, गुरं नाहीत, दाजींची मेंढरं आहेत. म्हाताऱ्याला फार वाईट वाटलं. एवढा धट्टाकट्टा गडी, हातात बंदूक, आणि एक गाय नाही.

शासन?

“हाय की. पन लांब हाय.”

ही ओळ जशीच्या तशी घालणार. सर खोडणार.

निघताना तारेचं सांगितलं. शांतिसेनेत त्याचं काम एकच होतं म्हणे, दोघांच्या मधी उभं राहायचं. मी म्हटलं, मग ये की आमच्यात.

“तितं दोन्हीकडची मानसं माजी नव्हती, लेखिकाबाई.”

१२ मे, गाव

तार बघितली. चार पदरी. पलीकडं जुनी वाट अजून दिसते, वेलींच्या ओळीत घट्ट, पांढरी. तिच्यावर काही उगवत नाही.

तात्याचं म्हणणं, छाटणीनंतर फुटलेले कोंब मेंढरांनी खाल्ले. खाल्लेच आहेत. आबाही नाही म्हणत नाहीत.

आई म्हणते तहसीलदाराकडं अर्ज करा, वाट मिळते, तसा कायदा आहे. मी बसून अर्ज लिहिला. आजवर लिहिलेल्यातलं सगळ्यात सरळ गद्य. आबांना वाचून दाखवला. ‘सामनेवाला’ आला तिथं थांबवलं.

“ह्यो कोन?”

“तात्या.”

“मग तात्या लिव की.”

अर्जात तसं चालत नाही म्हटलं. मग सही पण चालणार नाही म्हणाले आणि मेंढरांकडं गेले.

१३ मे

द.सु.च्या जमिनीखाली तेल. ते समुद्राला नेणारा पाईप मात्र उत्तरेच्या सुदानातून जातो, ज्यांच्यापासून हे वेगळे झाले त्यांच्यातून. एकदा भांडण पेटलं तेव्हा द.सु.नं आपलंच तेल बंद केलं होतं.

आमच्याकडं विहीर. तात्याकडं रस्ता. त्याच्या बागेचं ठिबक आमच्या विहिरीवर चालतं.

आबा रानात गेल्यावर मी विहिरीवर जाऊन तात्याच्या पाईपचा व्हॉल बंद केला. गंजलेला. दोन्ही हात लावायला लागले.

आज इतकंच.

१५ मे

दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. मलाच उगाच तात्याच्या हाका ऐकू यायच्या.

आज तात्या तारेपर्यंत आला. मला वाटलं आता भांडेल. “मोटर बिगाडली काय गं बाय?” मी नाही म्हटलं. त्यानं माझ्या हातांकडं बघितलं, की मलाच तसं वाटलं. गेला.

आबांना संध्याकाळी विहिरीवर गेल्यावर कळलं. ओरडले नाहीत. व्हॉल सोडून आले, पाय धुतले, जेवायला बसले. मग भाकरी मोडता मोडता, “मेंढरामागं मुलूख हिंडलो. पान्याला न्हाई म्हननारा मानूस भेटला न्हाई. घरात भेटला.”

त्या देशाचा दाखला तोंडावर आला होता. गिळला. त्यांनी तेल बंद केलं तेव्हा आधी त्यांचीच चूल विझली, हे पुढचं वाक्य मला प्रकरणात माहीत होतं. विहिरीवर नव्हतं.

बागेत पानांच्या कडा वळल्यात. ओढ्यातून जाऊन लांबून बघून आले.

१९ मे, विश्रामबाग

द.सु.त नाईल सपाटीला येते आणि पसरते. नदी राहत नाही, दलदल होते. होड्या अडकतात. त्या दलदलीचं नाव सुद्द, अरबीत अर्थ अडथळा. नदीचंच नाव अडथळा.

सरांना अजून एक मथळा हवाय. झेंडा व राष्ट्रचिन्हे.

तात्याच्या वेली कशा असतील. आईला विचारायचा धीर होत नाही. ती आपणहून सांगत नाही.

२४ मे, गाव

आज कोकरांचे कान. मेंढरू कुणाचं ते कानाच्या खाचेवरून कळतं, ज्याच्या त्याच्या घराची खाच वेगळी. आमची आज्यापासूनची, उजव्या कानाला मागून एक आणि डाव्याचं टोक उडवलेलं. वाटणी झाली की एकानं खूण बदलायची असते, नाहीतर कळप कुणाचा कळायचा कसा. तात्यानं बागेपायी त्याच्या वाट्याची मेंढरं विकली, दहा तेवढी दारात ठेवलीत. त्यांच्याही कानाला हीच खाच. ही कोकरं वाटणीनंतरची पहिली.

मामा आलाय फलटणहून. मधी उभं राहायला आलो न्हाई म्हणाला, मटण खायला आलोय.

आई म्हणत होती नवी खूण करा. मीही वाट बघत होते. डोक्यात नव्या देशाचा झेंडा.

आबांनी पहिलं कोकरू मांडीत धरलं आणि जुनीच खाच पाडली. दुसऱ्याला तीच. मामा म्हणाला, “दाजी, तात्याच्यात मिसळली मंजी?”

“मिसळू द्यात.”

कात्री पुसली, हळद लावली, पुढचं.

२६ मे

मिसळली.

तात्याची दहा मेंढरं तारेखालून निसटून, जुन्या वाटेनं, आमच्या कळपात येऊन बसली. दिवस कलल्यावर तात्या न्यायला आला, ओढ्यातून, फेरा मारून. पाडव्यानंतर पहिल्यांदा आमच्या अंगणात. आईनं पाण्याचा तांब्या ठेवला.

आबा खाटेवरून उठले नाहीत. “वळीख आन् ने.”

खूण एकच. तोंडावरून ओळखायची. तात्यानं सात काढली. मग थांबला. पुन्हा कळपात शिरला, एकीची हनुवटी वर केली, सोडली. बाग केल्यापासून तो मेंढरांमागं गेलेला नाही. मला उगाच वाटलं आपण आत जावं.

“दादा, तुमीच काडा.”

आबा उठले. तीन धरून दिली. तिसरीला हातात देताना, “हिची आय तूच पाजून जगवलीयास. बाटलीनं.” तात्यानं तिची लोकर दोनदा हातानं मागं सारली.

जाताना मेंढरं ओढ्याकडं वळेनात. सरळ जुन्या वाटेला लागली, तारेपाशी जाऊन उभी राहिली. तात्यानं खालची तार पायानं दाबली, तिच्यावरची हातानं उचलली. एकेक गेलं. सगळी गेल्यावरही तो तसाच धरून उभा राहिला. आम्ही बघत होतो. आमच्याकडून कुणी गेलं नाही. मग त्यानं सोडली.

मामा हळूच म्हणाला, आता जायाला पायजे होतं. कुणी ते त्यानं सांगितलं नाही.

१ जून, विश्रामबाग

प्रकरण पास. “हाय की, पन लांब हाय” याचं सरांनी केलं, ‘दुर्गम भागांत केंद्रीय सत्तेचा प्रभाव मर्यादित’.

एका जागी पुन्हा लाल. दोन्ही सुदानांच्या सीमेवर अबीये नावाचा तुकडा आहे. दोघंही आपला म्हणतात. गुराखी दरवर्षी त्यातून येतात जातात. सर: ‘कुणाचा ते नक्की लिहा, प्रश्न येतो.’ लिहिलं, ‘अनिर्णित’. हा एक शब्द मला मनापासून पटला.

४ जून, गाव

तार आहे. खालच्या पदराला एका ठिकाणी झोल पडलाय. वेलींना नवी पानं फुटलीयत.

आबांनी स्वतःहून अर्ज मागितला. मी चपापले. चष्मा लावून सगळा पुन्हा वाचून घेतला, सामनेवाल्यासकट. सही केली, अक्षर अक्षर थांबून. कागद माझ्याकडं देईनात.

“तारीक टाकू नगं.”

घडी घालून कान कापायच्या कात्रीबरोबर फडक्यात बांधला. मग द्यायचा कधी, मी विचारलं.

कोरड्या ओढ्याकडं बघत होते.

“आदी पानी येतंय का तात्या येतोय, बघू.”