गळती थांबली

अप्पा, कालव्याला शेवटी काँक्रीट झालं. नोकरीभर तुम्ही ज्याची वाट बघितलीत तेच हे अस्तरीकरण. आपल्या लासुर्ण्याच्या शिवारातून कालवा आता स्वयंपाकाच्या ओट्यासारखा गुळगुळीत जातो, थेंब म्हणून बाहेर पडत नाही. आणि आपल्या विहिरीचा तळ दिसतो.

तुम्ही कालव्याचे इंजिनिअर. दिवसभर पाणी मातीत मुरतंय म्हणून वरच्या साहेबांना कळवायचात, आणि सुट्टीच्या दिवशी तेच मुरलेलं पाणी कालव्याखालच्या विहिरीतून उपसून आपला ऊस भिजवायचात. त्या पाण्याला गावात सगळे देवाचे झरे म्हणायचे. देवाची नेमणूक तुमच्याच खात्यात होती, हे कुणी बोलायचं नाही, एवढंच.

तुमचा एकच प्रश्न घरभर वाजत असायचा, “फसलं तर?” आईनं पहिला कुकर आणला तो दिवस आठवतो. तुम्ही उंबऱ्यात उभे, “शिट्टी अडकली तर?” आई वर न बघता म्हणते, “अडकली तर तुमच्या तोंडाला लावते. तितं तरी वाफ कोंडंल.” तरी पुढं कायम कुकर चढायच्या आधी तुम्ही पिन घेऊन त्याचं भोक साफ करायचात. एकदा मी मोरीच्या पाण्यावर अंगणात मातीचं धरण बांधलं आणि पाणी शेजारच्या चाचींच्या सरपणात शिरलं. तुम्ही हात उगारला नाहीत. म्हणालात, “धरण झ्याक बांधलंस. पण पाणी आता कुठं जाणार, ते बघितलंस का?” मार परवडला असता.

हाच प्रश्न घेऊन मी अस्तरीकरणाच्या सभेला निघालो होतो. तेवढ्यात बावड्याहून तुमच्या लेकीचा फोन. तिचं रान कालव्याच्या शेपटाला, जिथल्या चारीत पाणी पोचायचंच नाही. “दादा, तू इरोध करणार हाईस म्हणं? वर तुमच्या विहिरी भरायच्या म्हणून आमी हितं कोरड्या चारीकडं बघत बसायचं व्हय? सांग की, कुणाचा ऊस वाळवायचा?” पेपरातल्या तिरकस सदरात उत्तरं देण्यासाठीच मला पैसे मिळतात. तिला मात्र ‘सभेला उशीर होतोय’ म्हणून मी फोन ठेवला.

सभेत तरुण साहेबांनी पडद्यावर निळी रेघ दाखवली. मी कसंबसं विचारलं, “विहिरींचं काय?” ते नम्रपणे म्हणाले, “तो विषय प्रकल्पाच्या कक्षेत येत नाही.” मागून एक तात्या ओरडले, “आमी तरी येतो का बघा कक्षेत!” सगळे हसले, साहेबही. त्या हशातच मंजुरीचे हात वर झाले. माझा झाला नाही, विरोधातही झाला नाही.

फसलं तर काय करायचं, हे तुम्ही शिकवलंत अप्पा. सगळं ठरल्याप्रमाणं जमलं तर काय, हे विचारायचं तुमच्याकडून राहिलं आणि माझ्याकडूनही. कुठं तडा नाही, कुणी सिमेंट खाल्लं नाही. मी टोमण्यांवर पोट भरतो, पण टोमण्याला समोर कुणीतरी गाढव लागतं. इथं ते सापडत नाही. बोअर घेऊन बघितलं, धुरळा निघाला. ऊस अजून उभा आहे, पण आता तो सवयीनं उभा आहे.

हे तुमच्यापर्यंत पोचायची भीती नाही, म्हणून एक सांगतो. काल विहिरीच्या काठावर उभा होतो, तर बहिणीचा व्हिडिओ आला. तिच्या चारीला पाणी, त्यात भाची पाय बुडवून नाचतेय. फोनमधला खळखळाट खाली रिकाम्या विहिरीत घुमला. मागोमाग तिचा फोन. “पोचलं बघ दादा! अप्पा असायला पायजे हुते. तुमच्याकडं हाय न्हवं विहिरीला पाणी?”

मी खाली बघितलं. मोटरचा पाइप उघडा पडून हवेत लोंबत होता.

“हाय की,” म्हणालो. “मायंदाळ हाय.”