चित्रातली सूचना

१८ नोव्हेंबर

अपमान! दुसरा शब्द नाही. सात वर्षं या संस्थेची वेबसाइट मी सजवतेय. एकेक सूचना म्हणजे एकेक चित्र, त्यावर कुंचल्यानं काढलेली माझी अक्षरं. आज प्यो काका म्हणून एका अंध गृहस्थांनी मोबाइल कानाशी धरून ती ‘ऐकली’. पडद्यावरचं वाचून दाखवणारी मोबाइलमधली बाई म्हणाली – चित्र. चित्र. बटण. चित्र.

आम्ही अंध माणसांना दवाखान्यात न्यायला सोबती देतो. आणि आमची एकही सूचना अंधाला वाचता येत नाही! सात वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. म्हणून आमच्या संस्थाप्रमुख बांग मॅडमनी काकांना दर मंगळवारी साइट तपासायला बोलावलंय.

२५ नोव्हेंबर

काका आमच्या गुन्सान शहरात, जुन्या बंदरापाशी चाळीस वर्षं मालिश करताहेत. अंगाला कापराचा वास, जिभेला धार. म्हणाले, “तुमच्या बटणांना नावंच नाहीत. दारावर पाटी नाही. आत न्हाणीघर की स्वयंपाकघर, माणसानं ओळखायचं कसं?” हसू आलं. राग जरा उतरला.

२ डिसेंबर

जेवताना काका बायकोबद्दल बोलले. सुन-रे काकू, त्याही अंध. गेल्या जानेवारीत हृदयाच्या तपासणीला जायचं होतं, सोबती आलाच नाही. कोट घालून तासभर दारात उभ्या. काका करवादले – नोंदणी करायला विसरलीस, डोकं ठिकाणावर नाही तुझं. त्या म्हणाल्या, “विसरले असेन.” आणि एकट्याच निघाल्या. बसथांब्यावर बर्फावरून घसरल्या, खुबा मोडला. अकराव्या दिवशी गेल्या.

“जन्मात कधी काही विसरली नाही,” काका म्हणाले, “नेमकं तेवढंच विसरली.”

मुळ्याचं सूप गार झालं. जानेवारी म्हटल्यावर मला माझीच एक जुनी सूचना आठवली.

३ डिसेंबर

सापडली. गेल्या डिसेंबरातली सूचना. बर्फानं वाकलेलं पाइनचं झाड, खाली माझी अक्षरं – ‘जानेवारीपासून नोंदणी फक्त वेबसाइटवर. फोनवरून आधी केलेल्या नोंदी रद्द समजाव्यात.’

मग फोनवरच्या नोंदींची वही काढली. त्याआधी नोव्हेंबरातच सुन-रे काकूंचं नाव आहे. तारीख, वेळ, दवाखाना, सगळं बरोबर. वर रेघ मारलेली. त्यांना उलटा फोन कुणी केला नाही. सूचना लावली म्हणजे कळवलं, अशी आमची समजूत!

त्या झाडावर मी दोन दिवस घालवले होते. सगळ्यांनी वाहवा केली होती.

४ डिसेंबर

मॅडमना वही दाखवली. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, जुन्या सूचना तशाही काढायच्याच होत्या, काढून टाक. गेलेलं माणूस थोडंच परत येणार? काकांची जखम कशाला उकरायची?

मला तेच ऐकायचं होतं की काय? भित्री आहे मी.

९ डिसेंबर

काका आले. सांगितलं नाही.

१६ डिसेंबर

आजही नाही. बटणांना नावं दिली, नोंदणी आता कुणाच्याही मदतीशिवाय होते. काकांनी स्वतः करून पाहिली. खूश झाले. “आता आमची ही असती तर –” म्हणाले आणि थांबले. “पण ही नोंदणीसुद्धा करायला विसरलीच असती म्हणा.” आणि हसले.

ते हसणं सहन होईना. गेलेली बाई वर्षभर बोल खातेय, तेही माझ्या वाटणीचे.

२३ डिसेंबर

सूचना काढली नाही. चित्राला मोबाइल वाचून दाखवेल असा मजकूर जोडला, शब्दन् शब्द, तारखेसकट. काकांच्या हातात मोबाइल दिला. सांगितलं – ही मी लावली होती. काकूंनी फोन केला होता. वहीत नाव आहे.

एरवी ते इतक्या वेगानं ऐकतात की मला एक शब्द कळत नाही. आज वेग कमी केला. तीनदा ऐकलं. मग काठी उचलली आणि निघाले. जिन्यात मी हात धरायला गेले, तर त्यांनी झटकला.

३० डिसेंबर

आले नाहीत.

६ जानेवारी

आजही नाहीत. फोन उचलत नाहीत. राजीनामा लिहून दिला. मॅडमनी तसाच खणात ठेवला. म्हणाल्या, चूक आपल्या सगळ्यांची. असेल. पण अक्षरं माझी होती.

१३ जानेवारी

काकांचा फोन आला. बावीस तारखेला काकूंचं वर्षश्राद्ध. आमच्याकडे नैवेद्य मांडून झाला की गेलेल्या माणसाला उद्देशून लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं असतं, तो मान घरच्या माणसाचा. काका म्हणाले, “यंदा तुम्ही या. ती सूचना तिला वाचून दाखवा. तुमचं झालं की मला तिची माफी मागायची आहे.”