आबांच्या शिवारातले अकरा किलोमीटर

९ नोव्हेंबर, रवि.

रनिंग क्लबचा वाढदिवस. मेहरूण तलावावर पोहे, भाषणं, फोटो. मग पराग सरांनी पुस्तिका वाटली. गुळगुळीत कागद, वर स्वतःचा पळतानाचा फोटो. ‘जळगावच्या हिरव्या वाटा : शोध आणि आखणी – पराग सर’.

चार रूट. चारही माझे. टेकडीचा, गिरणाकाठचा, कापसातला आणि केळी-पाट. पाटाच्या कडेने आबांच्या केळीबागेतून वळून येणारे माझे अकरा किलोमीटर. त्याचं नाव ठेवलंय ‘ग्रीन टनल’. डोंबल टनल!

शेवटच्या पानावर: सरावात सोबत करणाऱ्या महिला सदस्यांचेही आभार.

सोबत? मी पुढे होते, हा मागे धापा टाकत होता. पोहे तसेच टाकून आले.

आजपासून रोजनिशीत नुसता ‘प.’ – ‘सर’ म्हणायची लायकी संपली.

११ नोव्हेंबर, मंगळ.

राग उतरत नाहीये. लॅबमध्ये रक्त घेताना एका आजोबांना सुई दोनदा टोचली. सॉरी म्हटलं. ते म्हणाले, असू दे बेटा. मला रडूच आलं.

चूक माझीच. मागच्या हिवाळ्यात प. इंग्लंडहून परत आला, कंपनीने दोन वर्षं पाठवलं होतं. तिथल्या पळायच्या वाटा सांगायचा. समुद्राकाठी कड्यावरून जाणारी, वारा असा की कान दुखतात. चुन्याच्या टेकडीवरची पांढरी पायवाट. मेंढ्यांच्या कुरणातून, दगडी भिंतींमधून, ओढ्यावर एकच फळी. त्याच्याकडचं रूटांचं पुस्तकही मला वाचायला दिलं. डिक्शनरी घेऊन वाचलं मी. स्वप्नात कितीदा तरी त्या कड्यावरून पळून आले.

म्हणून मी त्याला माझ्या वाटा दाखवल्या. त्याने मला इंग्लंड दिलं, मी जळगाव. एवढं साधं वाटलं होतं. बावळट कुठली.

१५ नोव्हेंबर, शनि.

फोन केला त्याला. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं.

“मॅडम, वाट काय कुणाच्या मालकीची असते का? इंग्लंडमध्ये शेतातून पब्लिक फुटपाथ जातात. कुणाला विचारत नाही कुणी.”

मी म्हटलं, इथे विचारतात.

“तेच तर बदलायचंय आपल्याला.”

आपल्याला! ठेवला फोन. 

विचारतात रे बाबा. तीन वर्षांपूर्वी रिंगरोडवर पळायचे तेव्हा मोटारसायकलवाले मुद्दाम हॉर्न मारत शेजारून जायचे. एक तर रोज मागे यायचा. म्हणून पाटाकडे वळले. पहिल्याच आठवड्यात चारीत पडले, गुडघा फुटला. आबांच्या सूनबाईंनी हळद लावली. आबा खाटेवर बसून बघत होते. मग म्हणाले, पळायचं तर पळ, पण बांध आला की हाळी द्यायची, नाव-गाव सांगायचं. बॅटरी आपल्या पायांवर, बागेत मारायची नाही. आणि कुंपणाचा झापा उघडला की मागे लावायचा.

तेव्हापासून प्रत्येक बांधावर ओरडते: ताई शे हो, जळगावनी! अंधारातून कुणीतरी “हाव!” म्हणतं. मग पुढे. दिवाळीला फराळ नेते. शिवारातल्या सगळ्यांचे रिपोर्ट वाचून देते. त्यातून झालीय ती वाट. प.ने हातातल्या जीपीएस घड्याळाच्या नकाशावरून उचलली.

२० नोव्हेंबर, गुरु.

ग्रुपवर मेसेज. ७ डिसेंबर, रविवार, पहाटे साडेपाच, ग्रीन टनल रन. पस्तीस नावं आलीसुद्धा. सूचना: हेडलॅम्प आवश्यक. निसर्गाचा आदर राखा, संपूर्ण शांतता पाळा.

दोनदा वाचलं. संपूर्ण शांतता!

मी हाळी द्यायचे तेव्हा हा हसायचा. “मॅडम, पाखरं घाबरतात.” आता पस्तीस माणसं कपाळावर लाइट लावून, तोंड मिटून, अंधारात केळीत शिरणार.

दिवाळीपासून शिवारात पाण्याच्या मोटारींच्या केबल चोरीला जातायत. तांब्यासाठी कापून नेतात. आबांची दोनदा गेली. आता पोरं-बाप्ये काठ्या घेऊन राखण करतात. आणि शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ७ तारखेचा आठवडा रात्रीचा. म्हणजे पहाटे अख्खं शिवार पाणी भरायला जागं.

प.ला यातलं काही माहीत नाही. मला सगळं माहीत आहे.

मेसेज लिहिला, “सर, एक सांगायचं होतं.” मग पुसला. बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

२७ नोव्हेंबर, गुरु.

प.चा मेसेज. मॅडम नाव नाही दिलंत? राग सोडा.

सोडते हं.

दिवसभर डोक्यात एकच चित्र. प. खळ्यात उकिडवा बसलाय, डोक्यावर लाइट चालू. स्वतःशीच हसले. पेशंट म्हणाली, मॅडम आज खुशीत दिसता!

मध्येच मनात येतं: कुणाला लागलं तर? पण आबा हात उचलणारे नाहीत. बसवून ठेवतील, विचारतील. तेवढं व्हायलाच पाहिजे. विचारायचं कसं असतं ते त्याला कळू दे.

३ डिसेंबर, बुध.

केळी-पाटला गेले. घड मोठे झालेत, झाडं वाकलीत, दोरीने बांधलीत. कापणी पंधरा दिवसांवर.

आबांनी थांबवलं. परवा म्हणे कोणी अनोळखी बाप्या बांधावर मोजमाप करत फिरत होता, डोक्याला लाइट लावलेला, फोनवर कुणाला तरी ‘रविवारी’ म्हणत होता. मला समजलं कोण ते; माझ्यासोबत यायचा तेव्हा अंधारच असायचा, त्याचा चेहरा इथे कुणी पाहिला नव्हता.

“ताई, रविवारले तुनाकडतून कोनी येनार शे का?”

मी म्हटलं, “नाही आबा. माझ्याकडून कोणी नाही.”

खोटं आहे का हे? एकही शब्द खोटा नाही. माझ्याकडून कोणीच नाही.

आबा म्हणाले, “मंग बरं.” चहा दिला. सगळा प्याले.

६ डिसेंबर, शनि.

ग्रुपवर उत्साह नुसता उतू चाललाय. कोण कुठला टीशर्ट घालणार. एक डॉक्टरबाई पहिल्यांदाच दहाच्या वर पळणार आहेत. बिचाऱ्या. त्यांनी माझं काय वाकडं केलंय?

फोन तीनदा हातात घेतला. तिन्ही वेळा ती ओळ आठवली. सोबत करणाऱ्या महिला सदस्यांचेही.

ठेवला.

७ डिसेंबर, रवि.

सव्वासहाला आबांचा फोन. मागे कालवा. कुत्री, बायका, कुणीतरी इंग्रजीत ओरडतंय.

“ताई, ह्या तुना मानसे शेतस का? हाऊ एक म्हनी ऱ्हायना, वाट ताईनी शे, आमले ताईनी धाडं.”

वा रे वा! पुस्तिकेत माझं नाव टाकताना हात जड झाला होता. काठी दिसली तशी वाट ताईंची झाली!

म्हटलं, आबा, बसवून ठेवा. येते मी.

स्कूटी दारातच होती. दहा मिनिटांचं काम. नाही काढली. बूट घातले, लेस नीट बांधली आणि पळत गेले. साडेपाच किलोमीटर. पाटात पाणी होतं, वर धुकं, कापसाच्या बोंडांवर दव. इतकं सुंदर पळणं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. पन्नास मिनिटं लावली. मुद्दाम.

खळ्यात पस्तीस जण ओळीने बसलेले. पळून जाऊ नयेत म्हणून सगळ्यांचे बूट काढून घेतलेले, बाजूला ढीग. डॉक्टरबाई सूनबाईंच्या शालीत. कुणाला मारलं नव्हतं. प. मधोमध, मोज्यांवर, लाइट अजून चालूच. दिवस उगवला तरी बंद करायचं सुचलं नव्हतं त्याला.

आबा म्हणाले, “ताई म्हनी तं सोडी दिसूत.”

मी प.ला म्हटलं, “सर, सगळ्यांसमोर सांगा. वाट कुणी शोधली?”

“तुम्ही.”

“चारही?”

“चारही. मॅडम, प्लीज.”

“आबांना विचारलं होतंत?”

“नाही.”

काय गोड वाटलं म्हणून सांगू! जेवल्यासारखं.

म्हटलं, आबा, सोडा.

मग आबा मला बागेत घेऊन गेले.  राखणदार ओरडले तशी ही पस्तीस माणसं वाट सोडून केळीत पळाली होती. दोऱ्यांत अडकली, झाडं ओढली गेली. घडासकट मोडून पडलेली झाडं, चिखलात. एका ओळीत, दुसऱ्या ओळीत, तिसऱ्या. मी मोजायचं थांबवलं. दहा-बारा दिवसांवर आलेला माल.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. प. दिसत होता फक्त. केळी दिसलीच नाही.

आबांनी एक घड पायाने सरळ केला. म्हणाले, “तुना काय दोष, ताई. तू तं वाट दाखाडी, त्यानी चोरी.”

मी मान हलवली. हो, मी मान हलवली.

८ डिसेंबर, सोम.

प.चा लांबलचक मेसेज. पुस्तिका परत छापतोय, चारही रूटवर माझं नाव. आबांची माफी मागायला जायचंय, तुम्ही येता का? पुस्तिकेसाठी तुमचा फोटोही पाठवा.

त्याच्याबद्दल वाईट वाटतंय का, म्हणून मनात शोधून पाहिलं. नाही वाटत. अजिबात नाही.

आबांच्या बागेचा विचार आला की मात्र हातातली नळी खाली ठेवावी लागते.

पळायला गेले नाही.

११ डिसेंबर, गुरु.

संध्याकाळी सूनबाईंचा फोन. प. काल जाऊन आला. आबांच्या पाया पडला म्हणे, मोडलेली झाडं ओढायला दिवसभर राबला, हाताला फोड आले. सूनबाईंच्या आवाजात त्याचं कौतुक होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथेही हाच!

मग त्या म्हणाल्या, त्याने मोबाइलवर ग्रुप दाखवला. आम्ही पंधरा दिवस आधी सगळ्यांना कळवलं होतं, असं सांगत होता. तुमचंही नाव होतं त्यात.

 मागे आबांचा खोकला ऐकू आला.

“ताई, आबा इचारी ऱ्हायनात. तुमले आधीच माहीत व्हतं का?”

नाही म्हटलं असतं तर आबांनी मानलं असतं. प.च्या तोंडापेक्षा माझ्या तोंडावर त्यांचा विश्वास जास्त. ग्रुप बघतच नाही मी, एवढं म्हटलं की झालं. प. पुन्हा खोटा, वाट पुन्हा माझी.

तोंड उघडलंसुद्धा होतं.

म्हटलं, फोनवर नको. उद्या पहाटे येते, आबांनाच सांगते.

सूनबाई म्हणाल्या, या. आबा वाट बघतील.

आता बूट दाराशी काढून ठेवलेत. पळत जायचं की स्कूटीवर, तेही ठरत नाहीये. साडेपाच किलोमीटरमध्ये माणूस मन किती वेळा बदलू शकतो, मला माहीत आहे.