सेंटरची हाक

३ मे
आज राइट फील्डमधून होमला थ्रो केला. चेंडू दोन टप्पे पडून पोचला. मागच्या वर्षी हाच थ्रो एका टप्प्यात जायचा. रनर आरामात रन काढून गेला.
कोपर आतल्या बाजूने दुखतंय. एप्रिलपासून. माहीत फक्त दोघांना. सायलीला, कारण बायकोपासून लपत नाही. आणि डेक्सला, कारण आम्ही एकाच अपार्टमेंटमध्ये राहतो आणि दुधाचा गॅलन मी डाव्या हाताने उचलतो हे त्याने पाहिलं.
स्किपर (आमच्या बेसबॉल टीमचा मॅनेजर) काही बोलला नाही. एरवी प्रत्येक थ्रोवर बोलतो. आज नुसता सूर्यफुलाच्या बिया चावत बसला होता.
मराठीत लिहितोय कारण लॉकरला कुलूप नसतं. आई रविवारी सकाळी पाटीसारखी वही पुढ्यात ठेवून बाराखडी गिरवून घ्यायची, मी रडायचो. इतक्या वर्षांनी उपयोग होतोय.

६ मे
बस. सात तास.
सातवा सीझन. ऑगस्टमध्ये एकोणतीस. कॉलेजातून टीमने घेतलं तेव्हा बाबांनी मॉरिसव्हिलच्या ऑफिसात पेढे वाटले होते, लोकांना वाटलं माझं लग्न ठरलं. त्यानंतर पाच गावं, पाच भाड्याची घरं. आता सगळ्यात वरच्या टीमच्या फक्त एक पायरी खाली. वर एक दिवसही खेळलेलो नाही.
डेक्सही नाही. तो जॉर्जियाचा, सेंटर फील्डर, चार वर्षं माझ्या शेजारी उभा. लग्नात शेरवानी घालून आला, बाबांना काका म्हणतो, तिखट पोहे मागून घेतो. वर जागा झाली तर आम्हा आउटफिल्डरांपैकी एकाचीच होणार. हे आम्ही कधी बोललेलो नाही.

९ मे
भिंतीवर आजची यादी. माझं नाव लेफ्ट फील्डला.
सहा वर्षं राइटला खेळतोय. राइटला लांब थ्रोसाठी जोरदार हात लागतो, लेफ्टला कमी हात चालतो, हे सगळ्यांना माहीत आहे. स्किपरला विचारलं तर म्हणाला, नवीन पोराला राइटला बघायचंय, मनाला लावून घेऊ नकोस.
मनाला लावून घेण्यासारखं आहे हे त्याला कुठून कळलं?
कोणीतरी सांगितलंय.

१२ मे
डेक्स स्किपरच्या ऑफिसात. दार बंद. वीस मिनिटं तरी. मी बूट बांधत बसलो होतो, एकच बूट.
बाहेर आला तेव्हा चेहरा लाल. विचारलं काय झालं. म्हणाला, बॅटिंगबद्दल. आणि टॉवेल शोधायला लागला. टॉवेल त्याच्या खांद्यावरच होता.
चार वर्षांत त्याला खोटं बोलता आलेलं नाही.

१३ मे
सायलीशी फोन. ती लंच ब्रेकमध्ये गाडीत बसून बोलते. सगळं सांगितलं. म्हणाली, सरळ विचार ना त्याला. मी म्हटलं, विचारलं, खोटं बोलला. मग म्हणाली, "कोणी सांगितलं असेल तर वाईट काय झालं? तो हात कायमचा जाईल, कौस्तुभ."
हे वाक्य दिवसभर डोक्यात. इमर्जन्सी फॉर्मवर तिचा नंबर आहे. म्हणजे दुखापती बघणाऱ्या ट्रेनरचा नंबर तिच्याकडेही असणार.
नाही. सायली नाही. ती भांडेल, पण माझ्या मागे करणार नाही.
मग राहिला कोण.

१७ मे
डेक्सला नाश्त्याच्या वेळी सहज सांगितलं की सोमवारी सुट्टी आहे, तर घराजवळच्या एका डॉक्टरला कोपर दाखवून येतो, कोणाला बोलू नकोस. डॉक्टर वगैरे काही नाही. बघू कुठे पोचतं.
तो म्हणाला, बरं करतोयस, मी ड्राइव्ह करू का? मी नको म्हटलं.
इतका चांगला वागतो की राग येतो.

२१ मे
ट्रेनरने बर्फ लावता लावता विचारलं, सुट्टीत कोपर कोणाला दाखवलंस का?
दाखवलंस का. हेच शब्द.
मी म्हटलं, नाही, झोपलो होतो.
झालं. कळलं.

२३ मे
डेक्सशी बोलत नाही. कामापुरतं, हो, नाही. काल त्याने स्वयंपाक केला, मी बाहेरून सँडविच आणून खोलीत खाल्लं. आज त्याने विचारलं, मी काही केलं का? मी म्हटलं, तुलाच माहीत.
बसमध्ये शेजारची सीट त्याने रिकामी ठेवली होती. मी मागे जाऊन बसलो.
आता बाकीचेही बघतात. कॅस आणि डेक्स वेगळे बसलेत म्हणजे काहीतरी बिनसलंय. (मी इथे कॅस. कौस्तुभ कोणाच्या तोंडात बसत नाही. स्टेडियमचा अनाउन्सर दर वेळी वेगळं नाव घेतो.)

२६ मे
रविवार, दुपारची मॅच. डेक्सला लागलं. गळपट्टीचं हाड मोडलं आणि डोक्याला मार. हॉस्पिटलमध्ये आहे.
सातवी इनिंग. उंच चेंडू, लेफ्ट आणि सेंटरच्या मधोमध. वारा होता, चेंडू आत-बाहेर हलत होता. मी धावलो, तोही धावला. आदळलो. मला बरगड्यांना मुका मार. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आपटलं. शुद्ध नव्हती. ग्लोव्ह लांब पडला होता.
'कॅच माझा' अशी हाक ऐकू आली नाही. प्रेक्षकांचा आवाज होता. स्किपरला तेच सांगितलं. शॉर्टस्टॉप (आमच्या पुढे उभा असणारा फील्डर) मागे धावत आला होता, तो म्हणाला कोणीतरी ओरडलं, पण कोण ते कळलं नाही.

२७ मे
सायली सहा तास ड्राइव्ह करून आली. आधी माझ्या बरगड्या बघितल्या, मग म्हणाली चल, डेक्सकडे.
तो झोपेत होता, औषधांची. त्याची आई जॉर्जियाहून आलेली. मिसेस हॅरिस, शाळेत शिकवायच्या. मला मिठी मारली. मग म्हणाल्या की मंगळवारी तो वर जाणार होता. वरच्या टीमच्या एका आउटफिल्डरला बाळ होणार आहे, तो सुट्टीवर. स्किपरने बारा तारखेलाच डेक्सला सांगितलं होतं आणि बजावलं होतं, पक्कं होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. त्याने फक्त आईला सांगितलं. त्यांनी विमानाची तिकिटंही काढली होती.
"तुला सांगता येत नव्हतं याचा त्याला फार त्रास होत होता," म्हणाल्या. "म्हणायचा, कॅसला वाटेल मी त्याला टाळतोय."
मी पाणी आणायला बाहेर गेलो. कॉरिडॉरमध्ये बराच वेळ मशीनसमोर उभा होतो.

२८ मे, सकाळ
स्किपरने ऑफिसात बोलावलं. दार लावलं. तो हसत नव्हता. म्हणाला, सामान भर, आज रात्रीच्या मॅचला तू वर हवायस. ज्याची आयुष्यभर वाट पाहिली ते वाक्य असं आलं.
ट्रेनर तिथेच होता. त्याने लॅपटॉप फिरवून दाखवला. स्टेडियमचे कॅमेरे प्रत्येक थ्रोचा वेग मोजतात. माझी ओळ एप्रिलपासून खाली खाली. म्हणून लेफ्टला टाकलं, म्हणाला, म्हणून गेल्या आठवड्यात विचारलं कोपराबद्दल. मग विचारलं, खरं सांग, दुखतं का?
म्हणजे कोणीच सांगितलं नव्हतं. मी स्वतःच रोज सांगत होतो, सगळ्यांसमोर, राइट फील्डमधून.
किंवा ट्रेनर डेक्सला झाकतोय. हेही मनात आलं. खरंच आलं. काय माणूस झालोय मी.
दुखतं का? मी म्हटलं, नाही, फॉर्म बिघडला होता, सुधारतोय. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग स्किपर म्हणाला, विमान एकला आहे.

२८ मे, विमानात
बाबांचा फोन आला होता. आई मागे रडत होती, आनंदाने. बाबा आधी आनंदाने बोलले, मग थांबले. रविवारची मॅच त्यांनी लॅपटॉपवर पाहिली होती. नागपूरला क्लब क्रिकेट खेळले आहेत, कव्हरला, दोघांच्या मधला कॅच त्यांना शिकवावा लागत नाही. माझ्याकडूनही त्यांनीच करून घेतलं, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, टेनिस बॉलवर. ज्याची हाक त्याचा बॉल.
"काय होऊन राहिलं होतं रे तुमच्यात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. म्हणाले, "त्याचं तोंड उघडं होतं, कौस्तुभ. मी तीनदा पाहिलं."
मी म्हटलं, बाबा, धावताना सगळ्यांचंच असतं.
"हो," म्हणाले. "असंल."

२९ मे
काल वर खेळलो. फक्त शेवटची, नववी इनिंग, लेफ्टला, एकही चेंडू आला नाही. स्टेडियम एवढं मोठं की दिव्यांच्या वरचं आकाश दिसत नाही. अनाउन्सरने नाव बरोबर घेतलं. आई-बाबा, सायली, सगळे टीव्हीसमोर. फोनवर दोनशे मेसेज.
डेक्सचा नाही.

३१ मे
रविवारी वहीत हाकेबद्दल लिहिलंय ते खोटं आहे. निदान इथे तरी नको.
ऐकू आलं होतं. "आय गॉट इट, आय गॉट इट." दोनदा. त्याचाच आवाज, चार वर्षं रोज ऐकतोय, झोपेतही ओळखेन. सेंटरने हाक दिली की लेफ्टवाल्याने सोडायचं, हे लहान पोरांनाही माहीत असतं.
मी सोडलं नाही. त्याला पाडायचं नव्हतं, हे खरं आहे, शपथेवर खरं आहे. एवढंच वाटलं की हाही तू घेणार? सगळ्यांसमोर माझ्या बाजूचा चेंडूही? एक पाऊल थांबायला हवं होतं, मी दोन जास्त टाकली.
हे कोणाला सांगितलेलं नाही. सायलीलाही.

२ जून
सायली इथे आली, दोन दिवस सुट्टी टाकून. हॉटेलच्या खिडकीतून नदी दिसते, ती खूश होती, मी पण खूश असल्यासारखा. जेवताना डेक्सचा विषय निघाला. मी म्हटलं, अपघात तो अपघात, आउटफिल्डमध्ये होतात. ती वरण कालवता कालवता थांबली. (इथे एक गुजराती खानावळ सापडली.) म्हणाली, "तू हे तिसऱ्यांदा म्हणतोयस. मी विचारलेलं नसताना."
मी विचारलं, तुला काय म्हणायचंय?
"मला काही म्हणायचं नाहीये. तुला काही म्हणायचंय का?"
नाही म्हटलं. नंतर बराच वेळ आम्ही दुसऱ्याच गोष्टी बोललो, तिच्या मॅनेजरबद्दल, तिच्या व्हिसाच्या कागदांबद्दल. जाताना विमानतळावर तिने नेहमीसारखं माझं कोपर दाबून बघितलं. मी ओरडलो नाही. तिला कळलंच.

४ जून
आज राइटला, पूर्ण मॅच. दोन हिट. वरची पहिलीच हिट, म्हणून तो चेंडू त्यांनी मला आठवण म्हणून काढून दिला, बॅगेत आहे.
आठव्या इनिंगमध्ये चेंडू माझ्याकडे आला, सेकंड बेसवर त्यांचा रनर. त्यांच्या कोचने त्याला थर्डलाच थांबवलं, होमकडे सोडलं नाही. माझ्या हाताला घाबरून. त्यांना अजून माहीत नाही. कॅमेरे इथेही आहेत, जास्त आहेत. आठवडाभरात कळेल.
सेंटरला इथला एक जण खेळतो, चांगला माणूस आहे. त्याने एका कॅचला हाक दिली, मी इतका लांब थांबलो की तो नंतर हसला. म्हणाला, घाबरू नकोस, मी चावत नाही.
बाळवाला आउटफिल्डर सोमवारी परत येतोय. ठेवतील की खाली पाठवतील, कोणी बोलत नाही. दार बंद दिसलं की बघतो आत कोण आहे.

६ जून
सकाळी डेक्सचा मेसेज. पहिलाच. डाव्या हाताने टाइप केलाय, म्हणून चुका खूप.
लिहिलंय की हिट्स पाहिल्या, आईने टीव्हीसमोर उभं राहून टाळ्या वाजवल्या. गळपट्टीच्या हाडाचं ऑपरेशन झालं, हा सीझन गेला, पुढचा कदाचित. मग लिहिलंय की त्याला त्या दिवसाची सहावी इनिंग आठवते आणि त्यानंतर थेट हॉस्पिटलची खोली. मधलं काही नाही. व्हिडिओ पाहिला, पण त्यात आमचा आवाज नाही. सगळे त्याला म्हणतात, जाऊ दे. त्याच्या मनातून जात नाहीये. हाक न देता धावला असेल तर चूक त्याची, आणि मग मलाही मार बसला त्याच्यामुळे, तर माफी मागायची आहे.
शेवटी, "यू वेअर द ओन्ली वन क्लोज इनफ. डिड आय कॉल इट?" मी हाक दिली होती का.
पाच-सहा वेळा वाचलं. खरंच आठवत नाही, की आठवतंय आणि मी काय म्हणतो ते बघतोय? डेक्सला खोटं बोलता येत नाही, हे मीच लिहिलंय. पण लिहिताना समोर माणूस नसतो.
'हो' लिहिलं, पुसलं. 'आवाज फार होता' लिहिलं, तेही पुसलं. मग फक्त लिहिलं की फोन कर. त्याने लगेच उत्तर दिलं, फिजिओ संपली की तीनला करतो.
बॅटिंग प्रॅक्टिस साडेतीनला. बाकीचे मैदानात गेलेत, मी लॉकरपाशी, फोन मांडीवर. तीनला पाच कमी.
वाजतोय. आधीच केला त्याने.