विनोनासाठी लागणाऱ्या तपकिरी कोटाबाबत

प्रति,
मा. कळप अधिकारी,
बायसन विभाग, जमात परिषद कार्यालय,
कॉटनवुड क्रीक, साउथ डकोटा.

विषय : मादी बायसन क्र. ४१ हिला हाताळण्यासाठी लागणारा कोट वाटपातून वगळल्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : सदर मादी एक ऑक्टोबरपर्यंत कळपात सोडण्याची आपली नोटीस.

महोदय,

सविनय अर्ज करतो की,

१. गेल्या वर्षी मे महिन्यात आई मेलेले हे वासरू आपल्याच विभागाने माझी पत्नी डेल्फीन हिच्या स्वाधीन केले. ते बाटलीला तोंड लावीना. डेल्फीनने आपला लोकरी कोट घालून त्याच्याखालून बाटली पुढे केली, तेव्हा ते आईला लुचावे तसे प्यायले. मग भर जूनच्या उन्हातही ती कोट घालूनच वावरली. आम्हांला मूलबाळ नाही. तिने त्याचे नाव विनोना ठेवले. आपल्यात थोरल्या लेकीला देतात तेच.

२. गेल्या सप्टेंबरात डेल्फीन वारली. तेव्हापासून कोट मी घालतो. बाह्या चार बोटे आखूड पडतात आणि बटणे लागत नाहीत. विनोना आता तीनशे किलोची आहे. कोटामागोमाग ती थेट दुकानापर्यंत येते व लोक हसतात. कोट नसल्यास ती गाडीत चढणार नाही, सबब आपल्या नोटिशीची अंमलबजावणी होणार नाही.

३. येत्या शनिवारी तिच्या वर्षाचे जेवण आहे. गेलेल्या माणसाची एकूण एक चीज त्या दिवशी वाटून टाकायची, ही रीत आपण जाणताच. रजया, भांडी, मण्यांचे काम, सर्व बांधून तयार आहे. कोट तेवढा मी पिकअपच्या सीटमागे ठेवला होता. मेव्हणी अर्लिन हिने तो हुडकला आणि चारचौघांत म्हणाली, "दाजी, ताईचा कोट जनावराच्या नावावर करताय होय? सरळ सांगा की, सोडवत नाही म्हणून." तरी सदर कोट हे विभागाचे उपकरण आहे, असा शिक्क्यानिशी दाखला मिळाल्यास तिचे तोंड बंद होईल.

४. वरील मजकूर काल लिहिला. त्यात खोटे विधान राहू नये म्हणून पुढील गोष्ट कळवणे भाग आहे. आज सकाळी कोट घरी नव्हता; शनिवारच्या वाटपाआधी उसवलेली शिवण घालायला अर्लिनने तो नेला होता. मी कोटाविना तसाच कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. विनोना लांब चरत होती. तिने मान वर करून बराच वेळ पाहिले, मग चालत आली आणि माझ्या मनगटावर नाक टेकून उभी राहिली. वर्षभर मी समजत होतो की ती डेल्फीनकडे येते.

५. सबब दाखल्याची मागणी मी मागे घेतो. कोट शनिवारी अर्लिनलाच देईन. विनोनाला मात्र नेऊ नये. डेल्फीनची म्हणून तिला सोडायला मी तयार होतो. ती माझी आहे, हे मला आजच कळले. घरात दुसरे कोणी नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
एमेट ग्रे ब्लँकेट
दि. १७ सप्टेंबर

सोबत : आपली मूळ नोटीस, सही न करता परत.